वाचकांचे प्रश्न : रायमुनिया, सीताफळ आणि ग्रामसभेचं खातं

प्रश्न : आमच्या पाड्यालगतचं जंगल रायमुनियाने (घाणेरी किंवा टणटणी या झुडपाने) भरून गेलं आहे. एक पर्यावरण संस्था मदत करायला तयार आहे. तिच्याकडून काय मागावं, रोपं की पैसे?

उत्तर : दोन्ही नंतर. आधी कागद मागा. जंगलावर ग्रामसभेचा हक्क नोंदलेला नसेल, तर तुम्ही राखलेलं रान उद्या दुसरंच कोणी तोडायला काढेल आणि तुमच्या हाती काही राहणार नाही. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरला २०१२ मध्ये सुमारे १९३ हेक्टरांवर सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा कायदेशीर हक्क, मिळाला. परतवाड्याच्या ‘खोज’ संस्थेचं पाठबळ होतं. उजाड माळावर गावाने पुन्हा जंगल उभं केलं आणि २०१४ मध्ये भारत जैवविविधता पुरस्कारही मिळवला.

या हक्काच्या दाव्याच्या फायलीत संस्थेची खरी गरज लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा तपासण्यासाठी ग्रामसभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते. त्यात किमान एक तृतीयांश महिला हव्यात, आणि गावात आदिवासी असतील तर दोन तृतीयांश सदस्य आदिवासी. पुरावे किमान दोन प्रकारचे लागतात : निस्तार पत्रक (गावाच्या जंगल-वापराच्या हक्कांची जुनी नोंद), जुने नकाशे, गॅझेटिअर, देवस्थान किंवा जुन्या विहिरीच्या खुणा, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब. सीमा चालत फिरायची, जीपीएसवर बिंदू घ्यायचे आणि फिरताना शेजारच्या गावाची माणसं सोबत ठेवायची. त्यांची सही नसली की वाद पुढे उपविभागीय समितीसमोर निघतो आणि फाइल अडकते.

दोन चुका हमखास होतात. पहिली, ग्रामपंचायतीच्या मोठ्या ग्रामसभेत ठराव घेतला जातो. इथे सभा गावाची किंवा पाड्याची स्वतःची हवी : निम्मे सभासद हजर, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. दुसरी, चराई-सरपणाच्या सामूहिक हक्कांचा अर्ज भरून लोक थांबतात. जंगल राखण्याचा आणि त्याचं नियोजन करण्याचा हक्क ‘सामूहिक वनसंपत्ती’च्या दाव्यातून येतो. २०१२ च्या सुधारित नियमांत त्याचा नमुना वेगळा आहे, तो वेगळाच भरा. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. अपिलाला ६० दिवस असतात.

प्रश्न : रायमुनिया दरवर्षी तोडतो, दरवर्षी दुप्पट येते. जाळूनही पाहिली. काय चुकतं?

उत्तर : तोडणं आणि जाळणं, हेच चुकतं. कोयत्याने वरून छाटलं की बुडाशी चार नवे फुटवे येतात. आगीत गवताचं बी आणि कोवळी रोपं मरतात, रायमुनिया मात्र बुंध्यातून पुन्हा उठते.

पहिल्या पावसाने जमीन मऊ झाली की कुदळीने बुडाभोवतीची माती उकरा. जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडा आणि झुडूप उपटून उलटं ठेवा, मुळं आभाळाकडे. फुटवे खोड-मुळाच्या सांध्यातून येतात. तो भाग वर निघाला की खाली उरलेलं मूळ सहसा फुटत नाही. उलटं ठेवायचं कारण साधं : फांद्या ओल्या मातीला टेकल्या तर तिथेच मुळं धरतात. काळी फळं पिकण्याआधी काम उरका, नाहीतर ओढताना बी तुम्हीच पेरता.

एवढ्याने संपत नाही. बुलबुल फळं खातात आणि झाडावर बसून बी टाकतात, त्यामुळे मोठ्या झाडाखाली रोपांचा गालिचा येतो. तो पुढची किमान दोन वर्षं पावसाळ्यात हाताने उपटावा लागतो. म्हणून राखता येईल तेवढंच मोकळं करा. एक-दोन हेक्टर नीट राखलेलं हे वीस हेक्टर अर्धवट तोडल्यापेक्षा बरं. उतारावर आणि नाल्याकाठी एकदम सफाई नको, माती वाहून जाते. तिथे पट्टे सोडत जा. मोकळ्या जागेत मारवेल, पवन्या या गवतांचं बी शेण-मातीत मिसळून फेका. हलकं बी तसंच टाकलं तर वाऱ्याने उडतं, आणि खोल गाडलं तर उगवत नाही.

प्रश्न : संस्था पूर्ण चराईबंदी म्हणते. मग आमची गुरं कुठे जाणार?

उत्तर : कुठेच नाही, म्हणून अशी बंदी टिकत नाही. रात्री कोणीतरी गुरं सोडतंच. जंगलाचे तीन भाग करा, एक बंद ठेवा, बाकी दोन चराईला. बंद भागातलं गवत बी गळल्यावर कापून न्या. कुठला भाग किती वर्षं बंद ठेवायचा ते गुरं असलेल्या घरांनी सभेत ठरवावं, संस्थेने नव्हे.

प्रश्न : रानातली सीताफळं दरवर्षी कवडीमोल जातात. काय करावं?

उत्तर : ‘मी नाही तोडलं तर तो तोडेल’ या घाईत कच्चा माल उतरतो; असं फळ पिकत नाही, दगड होतं किंवा काळं पडतं. ग्रामसभेने तोडणीचा दिवस ठरवावा. फळाचे डोळे (सालीवरचे उंचवटे) उघडून मधल्या खाचा पिवळसर-पांढऱ्या दिसल्या की फळ तयार. सकाळी तोडा, थोडा देठ ठेवा. तयार फळ दोन ते चार दिवसांत पिकतं, म्हणून गाडी आधी ठरवा आणि तोडणी नंतर. क्रेटमध्ये तळाला गवत किंवा पळसाची पानं, त्यावर दोनच थर. फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीने साल काळी पडते. आकारानुसार तीन प्रतवाऱ्या करा; बारीक माल गर काढायला द्या.

पायविहीरने ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने सीताफळं विकली ती गावाने मिळून. विक्रीचं खातं ग्रामसभेच्या नावावर हवं, संस्थेच्या नाही, आणि सह्यांत एक महिला असावी. संस्थेने पहिल्या हंगामात खरेदीदार गाठून द्यावा आणि वजनकाटा तपासून द्यावा. तिसऱ्या हंगामातही खरेदीदाराचा फोन संस्थेच्याच कार्यालयात वाजत असेल, तर त्याचा नंबर मागून घ्या.