खतांचे भाव वाढले की शेतकरी खत कमी टाकतो का? नेमकं कशावर ठरवतो?

तुम्ही विचारलंय की भाव वाढल्यावर शेतकरी खत कमी करतो, पीक बदलतो की आहे तसंच चालवतो. मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातला, अडीच एकर ऊस आहे, त्यामुळं उसाचंच सांगतो. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांचं गणित वेगळं आहे.

आमच्याकडं पोती फारशी कमी होत नाहीत, कुठलं पोतं घ्यायचं ते बदलतं आणि तिथंच घोळ होतो. युरियाचा भाव सरकार ठरवतं, ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैसे, कित्येक वर्षं तेवढ्यालाच मिळतंय. डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत), पोटॅश (पालाशचं खत), १०:२६:२६ (तिन्ही असलेलं मिश्र खत) यांचं तसं नाही, २०१० पासून त्यांना अन्नद्रव्याच्या, म्हणजे त्यातल्या नत्र, स्फुरद, पालाशच्या किलोमागं ठराविक अनुदान मिळतं आणि बाकी भाव बाहेरच्या बाजाराप्रमाणं हलतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये डीएपी १२०० वरनं १९०० होणार म्हणून सगळीकडं ओरड झाली, मग मे महिन्यात केंद्रानं पोत्यामागचं अनुदान ५०० वरनं १२०० केलं तेव्हा ते १२०० वरच राहिलं, पुढं १३५० झालं. पोटॅश आपण जवळजवळ सगळं बाहेरनं आणतो, त्याचं पोतं हजाराच्या आसपास मिळायचं ते २०२२ ला १७०० वर गेलं आणि त्याच्यासाठी कुणी एवढं ओरडलं पण नाही.

आता हिशोब बघा. युरियाच्या पोत्यात साधारण २०.७ किलो नत्र, म्हणजे किलोला १३ रुपये. पोटॅशच्या ५० किलोत ३० किलो पालाश, १७०० नं किलोला जवळपास ५७ रुपये. आडसालीला, म्हणजे जुलै-ऑगस्टात लावलेल्या उसाला, कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४००:१७०:१७० किलो आहे, म्हणजे एकरी १६० किलो नत्र आणि स्फुरद, पालाश ६८-६८ किलो. सगळं नत्र युरियातनं दिलं तर दोन हजाराच्या वर थोडं लागतं, पालाशला मात्र पावणेचार हजाराच्या पुढं जातं. मग हातात पैसा नसला की माणूस कशावर काट मारणार? पोटॅशवर. आणि ऊस हिरवागार दिसावा म्हणून युरियाची दोन पोती जास्त टाकणार, कारण युरिया टाकला की आठवड्यात पानावर दिसतो, पोटॅशचं काम डोळ्याला दिसतच नाही.

मी स्वतः हे केलंय. २०२२ च्या जुलैची लागण, उसाची जात ८६०३२. लागणीच्या डोसात पोटॅश नाही, म्हटलं भरणीला, म्हणजे बुडाला माती चढवताना टाकू, भरणीला पण भाव तोच, तेव्हा पण नाही टाकलं आणि युरिया वाढवला. ऊस एवढा उंच आणि काळाशार झाला की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. दुसऱ्या पावसाळ्यात लोळला. तोडणीच्या वेळी सरीत उतरून बघितलं तर खालच्या कांड्यांना मुळ्या फुटलेल्या, उंदरांनी पोखरलेलं, आणि वजन एकरी ४६ टन. त्या रानात मला ५४-५५ कधी चुकले नव्हते. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला त्याचाही वाटा आहे, सगळा दोष मी पोटॅशला देत नाही, पण पाण्याचा ताण सोसायला पोटॅशच लागतं हे मला नंतर माती परीक्षणाचा रिपोर्ट घेऊन गेलो तेव्हा कृषी सहाय्यकानं समजावलं. एकरी दोन पोती म्हणजे ३४०० वाचवले, आठ टन गेले, टनाला ३१०० धरले तरी २४ हजार ८००. अजून वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट, जी बाहेरच्यांना कळत नाही, ती म्हणजे आमचा निर्णय भावापेक्षा त्या दिवशी खिशात काय आहे त्यावर होतो. जुलैत लागण, तेव्हा कारखान्याचं बिल संपलेलं, सोसायटीचं नवं कर्ज जुनं फेडण्यात गेलेलं, मुलांच्या फिया भरायच्या, त्यामुळं दुकानात गेल्यावर बरेच जण आधी उधारी विचारतात आणि भाव नंतर. उधारी म्हटलं की दुकानदार देईल ते घ्यावं लागतं. डीएपी पाहिजे तर ही बाटली पण घ्या, ही बादली पण घ्या, असलं लिंकिंग मी पण सोसलंय. बाटलीचे पैसे गेले की तेवढं पोटॅश कमी.

पीक बदलणं म्हणाल तर ऊसवाला खतापायी पीक बदलत नाही, सोयाबीनवाला एकवेळ पेरा कमीजास्त करेल.

आता मी काय करतो ते सांगतो. लागणीआधी टिपऱ्या (लावायचे उसाचे तुकडे) अ‍ॅसिटोबॅक्टर म्हणजे नत्र देणाऱ्या आणि स्फुरदाच्या जिवाणूंच्या पाण्यात अर्धा तास बुडवतो, शिफारशीत नत्र निम्म्यापर्यंत वाचतं म्हणतात, मी भीत भीत पाव भागच कमी केलंय. डीएपी नाही मिळालं तर सुपर फॉस्फेट, त्यात गंधक पण येतं, मात्र स्फुरद १६ टक्केच असल्यानं एका डीएपीला जवळजवळ तीन पोती सुपर लागतात, ते पाठीवर वाहायची तयारी पाहिजे.

आणि खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यातनं फुटलेल्या उसाला, पाचट (वाळलेला पाला) पेटवायचं बंद केलं. पाचटाच्या टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर आणि १ किलो जिवाणू टाकून सरीत दाबतो, आणि खत फेकत नाही, पहारीनं देतो. वाफसा (मातीत बेताची ओल) बघून मी पुढं उसाच्या बेटापासून वीतभर लांब सहा इंच भोक पाडत जातो, मागनं बायको पाटीतली मूठ भोकात सोडते आणि टाचेनं माती दाबते, फुटाफुटावर असंच. पहिला डोस ऊस तुटल्यापासून पंधरा दिवसात, दुसरा १३५ दिवसांनी बेटाच्या दुसऱ्या बाजूला. दोघांचे हात सोलतात, एकराला आम्हाला तीन दिवस लागतात आणि मजूर लावला तर वाचलेले पैसे मजुरीतच जातात, म्हणून ज्याच्या घरात दोन माणसं रानात उतरणारी आहेत त्यालाच मी हे कर म्हणून सांगतो. यंदा पोटॅशची पोती मी फेब्रुवारीतच, बिल आल्या आल्या आणून घरात थप्पी लावलीय.