उतारा पाठवलात, झोनिंग कुठाय?

प्रश्न : वडगाव शिवारात आम्हा तिघा भावांची वडिलोपार्जित २६ गुंठे भातजमीन आहे. बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) नकाशात ती 'ग्रीन'मध्ये दाखवली आहे. आराखड्याचा मसुदा निघाला तेव्हा आम्ही हरकत घेतली नव्हती. आता तिथे तीन घरं बांधायची आहेत आणि खर्चासाठी ३० बाय ४० चे पाच प्लॉट विकायचे आहेत. दोघांकडून इसार घेऊन बॉण्डही (स्टॅम्पपेपरवरचा करार) करून दिला आहे. घरं रस्त्याच्या बाजूला बांधावीत की मागे नाल्याकडे? कोल्हापूरचे मेहुणे म्हणतात, दहा वर्षांत सरकारनं जमीन घेतली नाही तर नोटीस द्यायची, आरक्षण उडतं. खरं का?

उत्तर : हे पत्र वडगावचं आहे, पण शहापूर, अनगोळ, येळ्ळूर, हलगा, कुठल्याही शिवारातून आलं असतं तरी मजकूर हाच असता. सोबत उतारा आहे, वारसा आहे, बॉण्डची झेरॉक्स आहे, शेताचे फोटोसुद्धा आहेत. नाही ते फक्त झोनिंग सर्टिफिकेट, म्हणजे आराखड्यात जमीन कुठल्या वापरासाठी दाखवलीय त्याचा दाखला. इसार घेण्याआधी बुडात अर्ज देऊन ते काढलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

रस्ता की नाला, हे मी आत्ता सांगणार नाही. बळ्ळारी नाला पावसाळ्यात फुगला की पाणी कुठवर येतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. कायद्याच्या दृष्टीनं तुमच्या शेताला अजून बाजूच नाहीत. आधी एक शब्द बघायचा आहे.

नकाशावर हिरवं दिसतं ते सगळं एक नसतं. बाग, उद्यान, खुली जागा हिरवी आणि शेतीचा पट्टाही हिरवाच. आपण मराठी माणसं कागद कन्नडमध्ये आला की रंग बघतो, शिक्का बघतो आणि घडी घालून ठेवतो. सर्टिफिकेटवर तुमच्या सर्व्हे नंबरपुढे 'उद्यानवन' (बाग) लिहिलंय की 'कृषी वलय' (शेतीचा पट्टा) किंवा 'हसिरु वलय' (हिरवा पट्टा), यावर तुमचं सगळं ठरणार आहे.

कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा १९६१ चा. त्यातल्या कलम ६९ प्रमाणे मास्टर प्लॅनमध्ये सार्वजनिक कामासाठी राखलेली जमीन, आराखडा राजपत्रात आल्यापासून पाच वर्षांत घेतली गेली नाही, तर ते राखीवपण संपतं. मेहुणे सांगतात तो नियम महाराष्ट्राचा, एमआरटीपी (प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम १२७ चा : दहा वर्षं थांबा, नोटीस द्या, मग आणखी २४ महिने. सीमेवरची शिनोळी ओलांडून चंदगड तालुक्यात जमीन असती तर तो कामाला आला असता. १९५६ साली राज्य पुनर्रचनेत आपण इकडे आलो ते कायद्यासकट आलो, मन तिकडे राहिलं तरी. गुंठेवारीचंही तेच. महाराष्ट्रात २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, त्याच्या जोरावर बेळगावात कुणाचा प्लॉट नियमित होत नाही. पाहुण्यांचा सल्ला लग्नात घ्यावा, जमिनीत नको.

म्हणजे आपल्याकडे मुदत उलट कमीच आहे. पण आनंद करायची घाई नको. कलम ६९ ज्या जमिनी सरकारला घ्यायच्या असतात त्यांच्यासाठी आहे. शेतीचा पट्टा कुणी घेणारच नसतो. तिथे जमीन तुमचीच राहते, फक्त तिचा वापर शेतीपुरता बांधलेला असतो. जे घ्यायचंच नव्हतं ते 'घेतलं नाही' म्हणून सुटणार कसं? शब्द 'कृषी वलय' निघाला तर पाच काय, पन्नास वर्षं गेली तरी माझ्या मते काही उडत नाही.

'उद्यानवन' निघाला तर आराखडा राजपत्रात कधी आला ती तारीख काढा. माहिती अधिकारात मागितली तर ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पाच वर्षं उलटली असतील तर बुडाला लेखी कळवा, पोच घ्या. त्यांनी दाद दिली नाही तर हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात रिट. ते किती चालेल हे मी सांगत नाही. माझ्या कपाटात अशा फायली आहेत ज्यांच्यातले अर्जदार आता फोटोत आहेत. आणि राखीवपण संपल्यावर जमीन नेमकी कशासाठी मोकळी होते, यावरही पुन्हा वाद होऊ शकतो.

शेतीचा पट्टा असेल तर कलम १४-ए उरतं, म्हणजे जमीन वापरातला बदल. बुडानं सरकारच्या मंजुरीनं तो द्यायचा असतो. परिस्थिती बदलली असल्याचं किंवा आराखड्यातच चूक राहिल्याचं दाखवावं लागतं, आणि बदल लोकहिताचा असावा लागतो. वर्तमानपत्रात जाहीर करून हरकतींना किमान १५ दिवस द्यावे लागतात. हलगा-मच्छे बायपास तुमच्या बांधाजवळून जात असेल तर 'परिस्थिती बदलली' हे म्हणता येईल. पण तीन भावांची घरं आणि पाच प्लॉट यात लोकहित कुठलं, असं विचारलं तर काय उत्तर द्याल? माझ्याकडे तरी नाही. सुपीक पट्टा वाचवा म्हणून याच भागातले शेतकरी वर्षानुवर्षं भांडताहेत, त्यांचीही हरकत येईल.

डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला बिगरशेतीचा अर्ज टाकून ठरलेली मुदत गप्प बसा, मग परवानगी मिळाल्यासारखीच, असंही तुम्हाला कुणी सांगेल. भूमहसूल कायद्याच्या कलम ९५ मध्ये तसं आहे खरं. पण मास्टर प्लॅनच्या विरुद्ध वापराला त्याचा आधार घेऊन कर्ज काढू नका.

तुमच्या हातात जे नक्की आहे ते लहान आहे. त्याच कलम ९५ प्रमाणे शेतकऱ्याला शेतात शेतघर बांधता येतं, त्यात कुटुंबाचं राहणंही बसतं, पण जागा एकूण जमिनीच्या दहा टक्क्यांच्या आत. २६ गुंठ्यांचे दहा टक्के म्हणजे अडीच गुंठ्यांच्या थोडं वर, साधारण २,८०० चौरस फूट. तिघांना मिळून एक आटोपशीर घर बसेल. बुडाचे नियम याहून कमी देत असतील, ते झोनिंगबरोबर विचारून घ्या. असं घर झालंच तर रस्त्याकडे बांधा. नाल्याकडची जमीन भातालाच बरी.

पाच प्लॉट मात्र विसरा. २०२० मध्ये जमीन सुधारणा कायद्यातली ७९-ए आणि ७९-बी ही कलमं गेल्यापासून बिगरशेतकऱ्यालाही शेतजमीन घेता येते, म्हणून लोक समजतात की घरही बांधता येतं. घेता येते ती शेतजमीनच, आणि ती शेतजमीनच राहते. शिवाय सर्व्हे नंबरातला तुकडा विकायला ११-ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याचा मोजणी नकाशा, लागतो. एजंट 'पुढे अक्रम-सक्रम होईल' म्हणाला असेल, ते सगळेच म्हणतात. बेकायदा बांधकामं दंड भरून नियमित करायची ती योजना २०१७ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टात अडकली. तिच्या भरवशावर पाया खणणाऱ्यांची पत्रं मला नेमानं येतात.

बॉण्डनं तुम्ही काहीही विकलेलं नाही, पण देणं मात्र अंगावर घेतलंय. उद्या ते दोघे फसवणुकीची तक्रार घेऊन पोलिसात गेले तर मेहुणे कोल्हापुरात असतील. दोघांनाही बोलवा, इसार बँकेतून परत करा आणि बॉण्ड रद्द झाल्याचं लेखी घ्या, साक्षीदारांच्या सह्यांसकट.

हरकतीबद्दल बोलून आता उपयोग नाही. मसुदा निघाल्यावर ६० दिवस असतात, आणि बुडाचा माणूस दारात येऊन सांगत नाही. कायद्यानं दर दहा वर्षांनी आराखड्याची फेरतपासणी व्हायची असते, ती प्रत्यक्षात कधी होईल ते बुडालाच ठाऊक. पण पुढचा मसुदा येईल तेव्हा तिघांच्या सह्यांची हरकत पहिल्या आठवड्यात गेली पाहिजे. आजूबाजूच्या सर्व्हे नंबरवाल्यांनाही सोबत घ्या, एकट्या २६ गुंठ्यांकडे कोण बघतंय?

झोनिंग हातात आलं की त्याचा फोटो पाठवा. कन्नड वाचता येत नसेल तरी चालेल, शब्द मी बघतो. इसार मात्र त्याची वाट न बघता परत करा.