टीमचा डिफेन्स कोण घडवतं, कोच की खेळाडू?

तुमचा प्रश्न असा आहे: बास्केटबॉलमध्ये टीम डिफेन्स चांगला होतो तो कोचमुळे की खेळाडूंमुळे? तुमचा मित्र म्हणतो, डिफेन्स म्हणजे मेहनत आणि शिस्त, कोच खमक्या असला की झालं. तुम्ही म्हणता, रिंगखाली रूडी गोबेरसारखा उंच बचावपटू नसेल तर कोचने घसा फोडून काही होत नाही. शेवटी तुमच्या कॉलेजच्या टीमचाही उल्लेख आहे, त्याकडे नंतर येतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. साखळी सामन्यांत कोचचं पारडं जड असतं आणि प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत) खेळाडूंचं. हे दोघांना खूश करणारं उत्तर वाटेल, पण त्यामागे कारण आहे. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, मोसमात 82 सामने असतात. आज डेन्व्हर, परवा डॅलस, मध्ये विमानप्रवास. समोरच्या टीमला तुमच्या कच्च्या दुव्यांचा अभ्यास करायला वेळच नसतो. अशा वेळी ज्या टीमकडे एक ठरलेली पद्धत आहे आणि पाचही जण ती झोपेतसुद्धा पाळतात, ती टीम निम्मं काम फुकटात करून जाते. प्लेऑफमध्ये मात्र त्याच प्रतिस्पर्ध्याशी सात सामन्यांपर्यंत गाठ असते. दुसऱ्या सामन्यापासून ते तुमच्या पाचांतला सगळ्यात कच्चा गडी हेरतात आणि प्रत्येक चढाईत त्यालाच पुढे यायला भाग पाडतात. तिथे कोचच्या फळ्यावरचे बाण फारसे कामाला येत नाहीत.

एनबीएतल्या मिलवॉकी बक्स या टीमचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

2017-18 मध्ये बक्सकडे यानिस होता, मिडलटन होता, ब्लेडसो आणि ब्रॉग्डन होते. सगळे लांब हातांचे, चपळ, कागदावर डिफेन्सला उत्तम. कोच जेसन किड यांची पद्धत आक्रमक होती. पिक अँड रोल (सोबत्याने आडवं उभं राहून, म्हणजे स्क्रीन लावून, बॉलवाल्याला वाट काढून देणं) झाला की बॉलवाल्यावर दोघांनी तुटून पडायचं आणि उरलेल्या तिघांनी चौघांना सांभाळत धावायचं. पास वेळेवर सुटला की मागे कोणीतरी हमखास मोकळा. ती टीम डिफेन्समध्ये लीगच्या मध्याच्याही खाली राहिली आणि जानेवारी 2018 मध्ये किड यांची गच्छंती झाली.

पुढच्या मोसमात माइक बुडनहोल्झर आले. मुख्य गडी तेच राहिले, फक्त ब्रुक लोपेझ नावाचा सात फुटी सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच गडी) एनबीएच्या हिशेबाने किरकोळ पगारावर घेतला. लोपेझची तोवरची ओळख पॉइंट करणारा सेंटर अशी. पाय जड, डिफेन्ससाठी त्याला कोणी बोलावत नसे. बुडनहोल्झरनी त्याला सांगितलं, तू पुढे यायचंच नाहीस. स्क्रीन लागला की मागे हटून रिंगच्या आसपास थांबायचं. बॉलवाल्याचा मूळ गडी स्क्रीनवरून वळसा घालून मागून पाठलाग करेल. म्हणजे बॉलवाला समोर लोपेझ आणि पाठीमागे ब्लेडसो अशा कात्रीत. थ्रीची (तीन पॉइंटच्या शॉटची) रेषा मागे पडलेली, रिंगपाशी वाट बंद. उरतो तो मधल्या अंतरावरचा तरंगता शॉट, जो हिशेबाने सगळ्यात तोट्याचा. तो खुशाल घ्या. या पद्धतीला तिकडे ‘ड्रॉप’ म्हणतात.

निकाल? दर शंभर पझेशनमागे (बॉल ताब्यात येण्याच्या पाळ्यांमागे) किती पॉइंट दिले हे डिफेन्स मोजायचं नेहमीचं माप, आणि त्यात बक्स लीगमध्ये पहिले. विजय 44 वरून 60 वर. पुढच्या मोसमातही डिफेन्स पहिल्या नंबरचा. तुमच्या मित्राला हे उदाहरण आवडेल. तेच खेळाडू, नवा कोच, आणि लोपेझसारखा गडी अचानक मोलाचा. फक्त लक्षात घ्या, कोचने लोपेझला चपळ बनवलं नाही. चपळाई लागणारच नाही असं काम त्याला दिलं. डिफेन्समधल्या कोचिंगचा अर्क मला तरी यातच दिसतो. एनबीएत पोचलेल्या माणसाला बचावाची पोझ कोणी शिकवत नाही.

आता गोष्टीचा दुसरा भाग. 2019 च्या प्लेऑफमध्ये टोरांटोने 0-2 अशा पिछाडीवरून बक्सना 4-2 ने हरवलं. 2020 मध्ये मायामीने 4-1 ने धुतलं. मागे हटून थांबणारा सेंटर आहे म्हटल्यावर प्रतिस्पर्ध्यांनी तीच जागा धरून शॉट मारायला सुरुवात केली, आणि बुडनहोल्झर आपला हेका सोडीनात. बदल झाला तो 2020-21 मध्ये: जरू हॉलिडे आला, मग पी. जे. टकर आला. आता गरजेप्रमाणे माणसं अदलाबदल करून अडवता येऊ लागली, कारण तसं अडवू शकणारी माणसं आली होती. साखळीत डिफेन्सचा क्रमांक आधीच्या दोन वर्षांपेक्षा चांगलाच घसरला, पण चषक त्याच वर्षी मिळाला. फायनलच्या पाचव्या सामन्यात शेवटच्या क्षणी हॉलिडेने प्रतिस्पर्धी फीनिक्सच्या बुकरच्या हातातून बॉल अक्षरशः हिसकावून घेतला आणि पळत सुटलेल्या यानिसकडे उंच फेकला. भारतात तेव्हा सकाळ होती आणि आमच्या घरात चहा उतू गेला. तो बॉल हिसकावणं कोणत्याही कोचच्या वहीत नव्हतं.

पुढे 2023 मध्ये हॉलिडेला देऊन बक्सनी पॉइंट करणाऱ्या लिलार्डला आणलं, कोचही बदलला, आणि डिफेन्स गडगडला. टीम 30-13 अशी जिंकत असताना नव्या कोचला काढलं. यात दोष कोचचा किती आणि हॉलिडे गेल्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही, कारण दोन्ही एकाच वेळी बदललं. अशा वादात लोक देतात त्यांतली बरीच उदाहरणं याच कारणाने बाद होतात.

दोन्हींपैकी एकच गोष्ट बदलली अशी उदाहरणं शोधायला हवीत. कोच फ्रँक व्होगेल घ्या. 2020-21 मध्ये त्यांच्या लेकर्सचा डिफेन्स लीगमध्ये पहिला होता. लेब्रॉन आणि अँथनी डेव्हिस दुखापतींमुळे बरेच सामने बाहेर. डेव्हिस तर जेमतेम निम्मे सामने खेळला. म्हणजे कोच ग्रेट, असं म्हणावंसं वाटतं ना? पुढच्या वर्षी कोच तेच, लेब्रॉन तोच, डेव्हिसही साधारण निम्मेच सामने खेळलेला, पण डिफेन्स विसाव्या क्रमांकाच्याही खाली. बदललं काय? वेस्टब्रूकसाठी कॅल्डवेल-पोप आणि कुझ्मा गेले, कॅरूसोला जाऊ दिलं, आणि त्यांच्या जागी वय झालेली नावाजलेली मंडळी आली. मोसम संपताच व्होगेलना नारळ मिळाला.

तुमच्या बाजूने वाटणाऱ्या या उदाहरणात एक खोच आहे. गेले ते काही गोबेरसारखे रिंगरक्षक नव्हते. कॅरूसो म्हणजे ज्याला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) कोणी निवडलंही नव्हतं असा गार्ड (बाहेरच्या रेषेवर खेळणारा गडी). डिफेन्सचं टॅलेंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ब्लॉक करणारा उंच गडी येतो. प्रत्यक्षात बॉलवाल्यासमोरून न हटणारा, स्क्रीनला चुकवून निसटणारा दुसरा-तिसरा गडी गेला की सगळी भिंतच ढासळते.

गोबेरचीच गोष्ट बघा. 2020-21 मध्ये त्याची टीम युटा जॅझ साखळीत 52 जिंकली, 20 हरली, लीगमध्ये सर्वोत्तम, आणि गोबेर त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू. प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत क्लिपर्सविरुद्ध सहावा सामना, क्लिपर्सचा कवाय लेनर्ड दुखापतीने बाहेर, आणि युटा 25 पॉइंटनी पुढे. क्लिपर्सनी सेंटर काढून पाचही बाहेरून शॉट मारणारे गडी उतरवले आणि गोबेरच्या वाट्याचा टेरन्स मान कोपऱ्यात उभा केला. पुढे तेच तेच घडत राहिलं. क्लिपर्सचा गार्ड आपल्या समोरच्याला एका ड्रिबलमध्ये मागे टाकून आत घुसतो. गोबेर कोपरा सोडून रिंग अडवायला सरकतो. पास कोपऱ्यात. मान थ्री मारतो. गोबेर धावत परत येतो तोवर बॉल जाळीत. मानने त्या सामन्यात 39 पॉइंट केले आणि युटा बाहेर. सगळं खापर गोबेरवर फुटलं. मी तो सामना पुन्हा पाहिला. चूक दरवेळी त्याच्या दोन सेकंद आधी, बाहेरच्या रेषेवर झालेली दिसते. बाहेर कोणी कोणाला अडवतच नव्हतं. तिथे कोच क्विन स्नायडर काय करणार? गोबेर कोपऱ्यात थांबला तर रिंग उघडी, रिंगपाशी आला तर कोपरा उघडा.

तोच गोबेर 2022 मध्ये मिनेसोटाला गेला. 2023-24 मध्ये त्यांचा डिफेन्स लीगमध्ये पहिला आला, कारण बाहेरच्या रेषेवर जेडन मॅकडॅनियल्स आणि अँथनी एडवर्ड्स होते. आणि गंमत म्हणजे याच मिनेसोटात आधी कोच टॉम थिबोडो हात टेकून गेले होते.

थिबोडो म्हणजे तुमच्या मित्राचा हुकमाचा एक्का असणार. 2001-02 मध्ये एनबीएने झोनवरची (माणसाऐवजी जागा धरून अडवण्यावरची) बंदी उठवली. त्याचा पुरेपूर फायदा कसा घ्यायचा हे बॉस्टनमध्ये मुख्य कोच डॉक रिव्हर्सचे सहायक असताना त्यांनी दाखवून दिलं. बॉल ज्या बाजूला आहे त्या बाजूला एक जादा गडी आधीच सरकवून ठेवायचा, आणि कोर्टच्या कडेच्या पिक अँड रोलमध्ये बॉलवाल्याला मध्यभागी येऊच द्यायचं नाही, कडेच्या रेषेकडे ढकलायचं. 2007-08 मध्ये बॉस्टनचा डिफेन्स पहिला आणि चषकही त्यांचाच. पण त्याच उन्हाळ्यात केव्हिन गार्नेट आला होता, हे विसरून चालणार नाही. मागे उभा राहून चौघांना अखंड ओरडून सांगणारा गार्नेट, त्यामुळे त्या यशाचं श्रेय वाटून घ्यावंच लागतं. नंतर शिकागोचे मुख्य कोच असतानाच्या यशाचं श्रेय मात्र मी थिबोडोंना मोकळेपणाने देतो. 2010-11 मध्ये पहिल्याच वर्षी 62 विजय, डिफेन्स पहिला, आणि त्यात कार्लोस बूझर, काइल कॉर्व्हर असे डिफेन्ससाठी अजिबात नाव नसलेले गडी मोठी मिनिटं खेळत होते. पुढे मिनेसोटात तीच पद्धत, तोच घोगरा आवाज, आणि डिफेन्स तळाच्या आसपास. टाउन्स आणि विगिन्स तेव्हा कोवळे होते, मागून बोलणारं कोणी नव्हतं. नंतर तोच टाउन्स गोबेरच्या शेजारी उभा राहिला आणि पहिल्या क्रमांकाच्या डिफेन्सचा भाग झाला. पद्धत कच्च्या गड्याला झाकते, पण एका वेळी एक, फार तर दोन. पाचांत तीन कच्चे असले की क्रिकेटमध्ये तीन फील्डर कमी घेऊन फील्ड लावण्यासारखं होतं.

आणखी एक, नुसते आकडे बघून कोचला डोक्यावर घेऊ नका. प्रतिस्पर्ध्याला मोकळे थ्री किती मिळाले यावर कोचचा ताबा असतो. ते आत गेले की नाही यात नशिबाचा वाटा मोठा. एखाद्या मोसमात समोरच्यांचे थ्री पडत नाहीत, आणि लोक म्हणतात काय डिफेन्स बसवलाय!

आता तुमच्या कॉलेजची टीम. उंच कोणी नाही आणि चांगला कोच आणावा की बाहेरून एखादा सहा फूट चार इंचाचा मुलगा शोधावा, असं विचारलंय. तुमच्या पातळीवर मी डोळे मिटून कोच म्हणेन, कारण समोरच्या टीममध्येही भरवशाने शॉट मारणारे एक-दोनच असतात. कोणाला मोकळं सोडायचं हे आधी ठरवलं तरी निम्मी लढाई झाली. बहुतेक कॉलेजच्या टीम हे ठरवतच नाहीत, सगळ्यांना सारखंच अडवत सुटतात आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये धाप लागून बसतात.

उंच मुलगा सापडलाच तर एक फायदा लक्षात ठेवा. आपल्याकडे सामने फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी होतात. त्यात एनबीएसारखा बचावाचा तीन सेकंदांचा नियम (कोणाला न अडवता रिंगखाली तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही) नाही. तो मुलगा हळू असला तरी रिंगखाली ठाण मांडून उभा राहिला तर कोणी शिट्टी वाजवणार नाही. टू-थ्री झोनमध्ये (पुढे दोघे, मागे तिघे) त्याला मागच्या तिघांत मधोमध ठेवा. पुढच्या दोघांत मात्र सगळ्यात चपळ पोरं घाला, सगळ्यात जास्त पॉइंट करणारी नव्हेत. शॉट सुटला की पाचही जणांनी आधी अंगावर माणूस घेऊन ब्लॉक-आउट करायचं, बॉलकडे नंतर बघायचं. झोनमध्ये रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे बॉल) हमखास सुटतात आणि उंची नसलेल्या टीमचे तर फारच.

आणि सरावात मुलांना बोलायला लावा. स्क्रीन येतोय हे मागच्याने ओरडून सांगायचं, ‘लेफ्ट, लेफ्ट’ असं, पूर्ण आवाजात. आमच्या ग्राउंडवरची मुलं लाजतात, पुटपुटतात. जो गप्प राहील त्याला मी बसवतो, मग तो टीमचा टॉप स्कोअरर असला तरी.