प्रयोगशाळेची वीज जाते कुठे?

प्रश्न : आमच्या विद्यापीठात रसायनशास्त्राच्या संशोधनासाठी दुमजली इमारत बांधायची आहे. पश्चिमेची दर्शनी बाजू पूर्ण काचेची आणि गच्चीवर सोलर पॅनेल, असा आराखडा समितीपुढे आला आहे. एवढ्याने वीजबिल आटोक्यात राहील का? (एक प्राध्यापक, नांदेड)

उत्तर : राहणार नाही, असे स्पष्टच सांगावे लागते. वर्गखोलीतला एसी आतलीच हवा पुन्हापुन्हा थंड करतो; रसायनांच्या प्रयोगशाळेत मात्र वाफा मिसळलेली हवा बाहेर टाकावी लागते आणि तिच्या जागी मे महिन्यातली 42 अंशांची हवा आत घेऊन ती नव्याने थंड करावी लागते. दीड मीटर रुंदीच्या फ्यूम हूडची, म्हणजे प्रयोगातल्या वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटाची, सरकती काच अर्धा मीटर वर असेल आणि हवा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने ओढली जात असेल, तर तासाला 1350 घनमीटर हवा बाहेर जाते. म्हणजे 5 बाय 6 मीटरची, 3 मीटर उंचीची खोली तासाभरात 15 वेळा रिकामी होते. विद्यार्थी काच तशीच उघडी ठेवून जेवायला गेला, तरी पंखा ओढतच राहतो. म्हणून हूड खरोखर किती लागतात हे आधी ठरवावे आणि काच खाली येताच हवेचे प्रमाणही उतरेल अशी नियंत्रणे निविदेतच लिहून घ्यावीत. कार्यालये आणि बैठकीच्या खोल्या प्रयोगशाळांपासून वेगळ्या असाव्यात, हे ओघानेच आले.

पश्चिमेची काच तर सोडूनच द्यावी. आपल्याकडे मे महिन्यात भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो. संध्याकाळचे तिरपे ऊन मात्र कुठल्याही छज्ज्याला जुमानत नाही. इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवावी, म्हणजे मोठ्या खिडक्या उत्तरेला आणि दक्षिणेला येतील.

माळवदाच्या घरातला गारवा आपल्याला ठाऊक आहे, परंतु 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारी परिसरात दगडमातीच्या त्याच जड भिंतींखाली माणसे गाडली गेली, हेही विसरता येत नाही. तेव्हा भूकंपरोधक आरसीसी सांगाडा, हलक्या एएसी ब्लॉकच्या (आत हवेची बारीक छिद्रे असलेल्या सिमेंटच्या विटांच्या) भिंती आणि गच्चीवर उष्णतारोधक थर देऊन त्यावर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी, हा मार्ग मला बरा वाटतो.

सोलर पॅनेल जरूर बसवावीत, पण हूडची धुरांडी गच्चीवर कुठे निघणार हे ठरल्यावरच. धुरांड्याची सावली एकाच पॅनेलवर पडली, तरी त्याच्याशी एका ओळीत जोडलेल्या सगळ्या पॅनेलची वीज घटू शकते.