चूक सांगितली की झापतात, मग सांगायचं कोणी?

प्रश्न: सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. अक्कलकोट, बार्शीकडचे पेशंट, वॉर्ड कायम फुल्ल. परवा नाइटला इंजेक्शनची पावडर विरघळवायच्या डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल (औषधाची छोटी बंद कुपी) सापडली, सिरिंजमध्ये भरायच्या आधी लेबल वाचलं म्हणून वाचलो. इन्चार्ज मॅडमना सांगू का? सगळ्यांसमोर बोलतात हो.

उत्तर: ताई, सांगाच, आणि आजच. हे औषध पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं, ते वेगळं, कुलपातच हवं. ट्रे कोणी भरला ते सोडा, अँप्युल तिथं आलीच कशी ते लिहा, मॅडमना एकट्यात भेटा, नाहीच ऐकलं तर मेट्रनकडं, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुखांकडं, लेखी द्या.

आणि इन्चार्ज मॅडमनो, हे तुमच्यासाठी. अमेरिकेत संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या अभ्यासात चांगल्या इन्चार्ज असलेल्या वॉर्डांतच औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या, कारण त्यांच्या मते तिथं नर्स मोकळेपणानं बोलत होत्या. तुमचं चुकांचं रजिस्टर कोरं असेल तर खुश होऊ नका, काळजी करा, आणि ही सिस्टर आली की आधी तिला बसवून नीट ऐकून घ्या, मग दोघी मिळून तो ट्रे तपासा.