रगतपिती, महारोग, कोड : एकच का वेगवेगळे?

ताई, तुम्ही परभणीकडचे जुने शब्द गोळा करताय आणि विचारलंय की आजी म्हणायची ती 'रगतपिती' म्हणजे आयुर्वेदातलं रक्तपित्त का, आणि माशावर दूध पिलं की कोड फुटतं असं ती म्हणायची त्याचा ह्याच्याशी काही संबंध आहे का.

रक्तपित्त नाही. ग्रंथातलं रक्तपित्त म्हणजे नाकातोंडातून, शौचातून रक्त पडणं. आपल्याकडची रगतपिती म्हणजे महारोग, दवाखान्यात कुष्ठरोग लिहितात तो. बोटं झडतात म्हणतात ना, ती अशीच गळून पडत नाहीत, नसा बधिर झाल्यामुळं चुलीत लाकूड सारताना चटका बसला तरी कळत नाही, मग जखम चिघळत जाते. कोडात असलं काहीच नसतं, नुसता कातडीचा रंग जातो आणि ते कुणाला लागतही नाही. घोळ झालाय तो शब्दामुळं, कारण कोड हा शब्द आलाय कुष्ठवरूनच, हिंदीत कोढ म्हणजे आजही महारोगच, आपल्याकडं मात्र तो पांढऱ्या डागाला चिकटला आणि सोबत महारोगाची सगळी भीतीही घेऊन आला. त्यापायी किती पोरींची लग्नं मोडली असतील!

माशा-दुधाचं मूळ जुनं आहे. चरकसंहितेत मासे दुधासोबत खाऊ नयेत असं आहे, आणि कुष्ठाच्या कारणांत विरुद्ध आहार, म्हणजे असे एकमेकांशी न जुळणारे पदार्थ एकत्र खाणं, येतो, त्याच यादीत गुरू-ब्राह्मणांचा अपमान आणि पापकर्मही येतं. म्हणजे ताट आणि पाप दोन्ही एकाच ओळीत, आणि दोष शेवटी रोग्याच्याच माथी.

हे फक्त आपल्याकडंच नव्हतं बरं का. जोनाथन हचिन्सन नावाचा मोठा इंग्रज सर्जन, नीट न खारवलेल्या माशामुळं महारोग होतो म्हणून वर्षानुवर्षं भांडला, त्यासाठी भारतात येऊन फिरला, १९०६ मध्ये पुस्तक काढलं. कॅथलिक लोक उपवासाला मटण सोडून मासे खातात म्हणून त्यांच्यात रोग जास्त, असं त्याचं म्हणणं. लोकांनी साधा प्रश्न विचारला, मासळीला शिवत नाहीत त्यांनाही होतो, त्याचं काय? आपल्या मराठवाड्याला तर समुद्रच नाही. आणि नॉर्वेच्या हॅन्सननं १८७३ लाच ह्या रोगाचा जंतू दाखवला होता.

आता गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो. म्हणून तुमच्या वहीत 'रगतपिती' आजीच्या उच्चारासकट ठेवा, अर्थ कुष्ठरोग लिहा, आणि कोडाची नोंद वेगळ्या पानावर करा.