कॅनडाला येताय तर आजी-आजोबांच्या येण्याचं आधी ठरवा

ताई, तुम्ही लिहिलंय की पीआर (कॅनडात कायम राहण्याचा परवाना) आलाय, मुलगी ६ वर्षांची, मुलगा ३ चा, सासू-सासरे कराडला, आणि टोरांटोला आल्यावर मुलं त्यांना परकी होतील का ही धास्ती वाटते. मी इथे दोन मुलं वाढवली म्हणून सविस्तर सांगतो.

शाळा आणि डॉक्टरचं फार टेन्शन घेऊ नका. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओत मूल ज्या वर्षी ४ चं होतं त्या सप्टेंबरपासून पब्लिक शाळेत पूर्ण दिवस किंडरगार्टन असतं, फी नाही. ओहिप म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्यासाठी आधी ३ महिने थांबायला लागायचं, २०२० पासून तेही गेलं.

खरी काळजी धाकट्याच्या मराठीची करा. तो शाळेत गेला की थोड्याच दिवसांत इंग्रजीत उत्तरं देणार, मग त्याची मोठी बहीणपण त्याच्याशी इंग्रजीतच बोलणार, आणि भावंडांची आपसातली भाषा एकदा बदलली ना की आईबाप कितीही ओरडले तरी परत फिरवणं फार अवघड. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, टोरांटोत मराठी भाषिक मंडळ आहे, जरूर जा. पण आमच्याकडे खरं काम माझ्या आईने केलं. तिला इंग्रजी येत नाही, त्यामुळे शाळेत काय झालं ते नातवंडांना मराठीतच सांगावं लागायचं, भांडणसुद्धा मराठीत, आणि तिने मेंढीकोट शिकवला तेव्हापासून तर टीव्ही बंद करायला सांगावंच लागलं नाही.

म्हणून आई-वडिलांना, आजी-आजोबांना बोलावण्याच्या सुपर व्हिसाचा अभ्यास आत्ताच करा. पीआरवर पण बोलावता येतं, एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं. तुमचं ठराविक उत्पन्न दाखवावं लागतं, त्यांची मेडिकल होते आणि किमान १ लाख डॉलर कव्हरचा वर्षभराचा इन्शुरन्स लागतो. कायमचं स्पॉन्सर करण्याच्या भरवशावर राहू नका, २०२० मध्ये ज्यांनी फॉर्म भरले त्यांच्यातूनच पुढे वर्षानुवर्षं नावं काढत होते.

एरवी रोजचा फोन. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहा, म्हणजे इथे सकाळी ८ ला तिकडे संध्याकाळ, आजोबा निवांत असतात. शाळेआधीची ती १० मिनिटं मुलांची, तुम्ही मध्ये बोलू नका.

गावच्या शेतीचं पुढे काय, हेही विचारलंत. ५ वर्षांत १०९५ दिवस इथे भरले की सिटिझनशिपचा अर्ज करता येतो, पण ती घेतली की भारताचा पासपोर्ट जातो आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढावं लागतं. ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मिळू शकते. कागद होतील हो, पण सुट्टीत गेलात की मुलांना शेतावर न्या, विहीर कुठली, बांध कुठला, शेजारी कोण हे आजोबांकडूनच कळू दे. नाहीतर उद्या सातबाऱ्यावर नाव लागेल आणि त्यांच्या लेखी तो नुसता गट नंबर असेल, याचं मला फार वाईट वाटतं, आमच्या ओळखीत अशी घरं आहेत.

पहिल्यांदा त्यांना मे महिन्यात बोलवा, जानेवारीत अजिबात नको, बर्फात बाहेर पडता येत नाही आणि म्हातारी माणसं घरात कोंडून कंटाळतात. सासऱ्यांना शुगर आहे म्हणालात, तर इन्शुरन्स घेताना आधीचा आजार कव्हर होतो का आणि पॉलिसी सुरू होण्याआधी किती दिवस औषधांचा डोस बदललेला नसावा लागतो हे लेखी विचारून घ्या, आणि तिकीट त्यानंतरच काढा.